मुद्दाम रुतणारं जहाज

जहाज वाळूत रुतणं म्हणजे खलाशाच्या लेखी निम्मं मरण. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा कुठे सरकलाय, ओहोटी कधी लागते, कुठल्या खडकावरून किती हात पाणी जातं, हे शिकण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेलेली असतात. दीपगृहं, बोये, नकाशे हा सगळा खटाटोपही जहाज जमिनीला लागू नये म्हणूनच चालतो.

असं असताना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हजारावर जहाजं अशी बांधली, ज्यांचं कामच किनाऱ्यावर चाल करून जायचं आणि वाळूत रुतून बसायचं! ही काही होडकी नव्हती. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट, पोटात वीसएक रणगाडे आणि वर शे-सव्वाशे खलाशी. हे धूड महासागर ओलांडून यायचं, शत्रूच्या पुळणीला नाक लावायचं, नाक उघडायचं, रणगाडे बाहेर काढायचं आणि मग स्वतःच स्वतःला ओढून पुन्हा पाण्यात जायचं. ‘लँडिंग शिप, टँक’ हे त्याचं सरकारी नाव, पण सगळे म्हणत एलएसटी. युद्धनौकांना मिळतात तशी शहरांची, राज्यांची नावं यांच्या वाट्याला आली नाहीत, नुसते क्रमांक आले. वेग जेमतेम बारा नॉट. त्यामुळे त्यावर काम करणाऱ्या पोरांनी एलएसटीचा आपला अर्थ लावला होता : ‘लार्ज स्लो टार्गेट’. मोठं, मंद, नेम धरायला सोपं.

हे जहाज हवं झालं ते डंकर्कमुळे. १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरून ब्रिटिशांनी ३ लाख ३८ हजार सैनिक उचलून आणले, पण तोफा, रणगाडे, ट्रक सगळं तिथेच टाकून यावं लागलं. माणसं होडीत चढतात, रणगाडा चढत नाही. उद्या युरोपात परत जायचं तर रणगाड्यांसकट जावं लागणार आणि बंदरं तर जर्मनांच्या ताब्यात. म्हणजे धक्का नाही, क्रेन नाही, अशा उघड्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवायचे. चर्चिल या कल्पनेच्या मागे हात धुऊन लागला. तातडीचा उपाय म्हणून व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या तोंडावरचा उथळ दांडा ओलांडण्यासाठी बांधलेली तीन तेलवाहू जहाजं धरून आणली आणि त्यांच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दरवाजे बसवले. काम भागलं, पण भागलं एवढंच.

खरी अडचण जहाजबांधणीच्या मुळाशीच होती. जहाज जितकं खोल बसतं तितकं ते समुद्रात शहाण्यासारखं वागतं. उथळ बुडाचं जहाज वारा आडवं ढकलतो, लाटा हवं तसं फिरवतात. अटलांटिक ओलांडायचा तर खोल बूड पाहिजे. उलट पुळणीला टेकायचं तर बूड उथळच पाहिजे, नाहीतर जहाज किनाऱ्यापासून लांबच वाळूला लागणार आणि रणगाडे पाण्यात उतरणार. ब्रिटिशांनी मग खास या कामासाठी बॉक्सर जातीची जहाजं आखली, ती वेगवान होती. पण वेगापायी बूड खोल गेलं आणि किनारा लांब राहिला.

नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश मंडळी हे दुखणं घेऊन वॉशिंग्टनला गेली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती, पर्ल हार्बर अजून महिनाभर दूर होतं. तिथल्या नौदलाच्या जहाज विभागात जॉन नीडरमायर नावाचा अभियंता होता. त्याने काही तासांत एका कागदावर ओबडधोबड आकृती काढली. पुढे बांधलेली हजारावर जहाजं थोड्याफार फरकाने त्या आकृतीतूनच उतरली. मला या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा ताफा नाही, गुप्त प्रयोगशाळा नाही. टेबलाशी बसलेला एक माणूस आणि त्याला सुचलेली एक युक्ती.

युक्ती अशी : बूड जर एकाच वेळी खोल आणि उथळ असू शकत नसेल, तर ते वेगवेगळ्या वेळी तसं असू द्या. जहाजाच्या बुडाशी आणि कडेला मोठमोठ्या टाक्या ठेवायच्या. दर्यात असताना त्यांत समुद्राचंच पाणी भरून घ्यायचं. जहाज जड होतं, खोल बसतं, प्रवास नीट होतो. किनारा जवळ आला की पंप लावून ते पाणी बाहेर फेकायचं. जहाज हलकं होऊन वर येतं. पाणबुडी बुडण्यासाठी आणि वर येण्यासाठी जे करते तेच, फक्त इथे ते किनाऱ्याला लागण्यासाठी. भर समुद्रात मागच्या बाजूला चौदाएक फूट पाण्याखाली असणारं हे जहाज किनाऱ्याला येताना मागे दहा फुटांच्या आत आणि नाळेपाशी जेमतेम चार फूट पाण्यात बसायचं. चार फूट म्हणजे माणसाच्या छातीएवढं पाणी! त्यात शंभर मीटर लांबीचं पोलादी जहाज.

बुडाला मागून पुढे पन्नासास एक असा चढ दिलेला होता, म्हणजे दर पन्नास फुटांमागे एक फूट. मंद उतरत्या पुळणीवर ते अंगाबरोबर टेकायचं, आणि मागचा भाग खोल राहिल्यामुळे पंखे वाळू न खाता पाण्यात फिरत राहायचे. या सगळ्याची किंमत खलाशांनी मोजली. परातीसारखं सपाट बूड असलेलं ते जहाज साध्या लाटेवरही असं डुलायचं, की मुरलेल्या दर्यावर्दींनाही उलट्या व्हायच्या.

आता प्रत्यक्ष किनाऱ्याला लागतानाचा प्रसंग बघा. पुळण समोर दिसतेय, जहाज सरळ तिच्याकडे निघालंय. किनारा काहीशे यार्डांवर आला की जहाजाच्या मागून नांगर सोडायचा. हो, मागून. जहाज पुढे जात राहतं आणि मागे पोलादी दोर सुटत जातो. नांगर लवकर टाकला तर दोर संपतो, उशिरा टाकला तर धरत नाही. मग बुडाखालून वाळू घासल्याचा आवाज येतो, सगळं जहाज थरथरतं आणि थांबतं. नाळेचे दोन्ही दरवाजे बाजूला उघडतात, त्यांच्यामागची उतरती फळी साखळ्यांवरून खाली येऊन पाण्याला किंवा वाळूला टेकते. एकेक रणगाडा बाहेर पडतो तसं जहाज हलकं होतं, आणि हलकं झालेलं जहाज लाटेबरोबर आडवं फिरू बघतं. म्हणून टाक्यांत पुन्हा पाणी घेऊन त्याला दाबून धरायचं. काम संपलं की ते पाणी फेकायचं, इंजिनं उलटी फिरवायची आणि मागचा तो नांगराचा दोर रहाटावर गुंडाळत जायचं. जहाज स्वतःच्या नांगराला धरून स्वतःला वाळूतून उपसून काढतं. माघारीची दोरी आधीच बांधून मगच पुढे जायचं, असा हा हिशेब.

पोटात मात्र वेगळाच धोका होता. बंद डब्यासारख्या त्या मजल्यावर वीस रणगाड्यांची इंजिनं एकदम सुरू केली तर दार उघडेपर्यंत आतली माणसं धुराने गुदमरतील. म्हणून १९४२ मध्ये केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्स इथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर, जहाजाचं नुसतं पोट असलेली एक इमारत उभारली. तिच्यात रणगाडे घालून इंजिनं चालवली आणि किती पंखे, कुठे, कसे बसवायचे ते ठरवलं. ती इमारत पुढे ऐतिहासिक वास्तू म्हणून जपली गेली. जगात जहाजाचं स्मारक आणि तेही डोंगराळ मुलखात, असं फारसं सापडणार नाही.

समुद्रापासून दूर असणं हा या जहाजांचा जणू कुळाचारच. किनाऱ्यावरच्या मोठ्या गोद्या विमानवाहू जहाजं आणि विनाशिका बांधण्यात गुंतलेल्या. मग एलएसटी बांधायच्या कुठे? तर इंडियाना, इलिनॉय, पेनसिल्व्हेनियात, मक्याच्या शेतांच्या मधून वाहणाऱ्या नद्यांच्या काठी. पूल बांधणाऱ्या, लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कंपन्यांना हे काम दिलं. शेतकरी, दुकानातले कारकून, घर सांभाळणाऱ्या बायका वेल्डिंग शिकल्या आणि जहाजं जोडायला लागल्या. ओहायो नदीवरच्या एकट्या इव्हान्सविल गावात १६७ एलएसटी तयार झाल्या. एकूण जहाजांपैकी सुमारे दोन तृतीयांश अशा आडगावच्या गोद्यांतून निघाली, म्हणून लोक त्यांना ‘मक्याच्या शेतातल्या गोद्या’ म्हणत. तयार जहाज ओहायो आणि मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिअन्सपर्यंत नदीतूनच न्यायचं, त्यासाठी वाटेतल्या काही पुलांतही फेरफार करावे लागले. पहिल्या जहाजाचा कणा १९४२ च्या जूनमध्ये घातला गेला. युद्धाच्या अखेरीस एक जहाज दोन महिन्यांत उभं राहत होतं.

तरीही पुरत नव्हती. प्रत्येक सेनापतीला हीच जहाजं हवीत : पॅसिफिकला, भूमध्य समुद्राला, इंग्लिश खाडीला. दोन महासाम्राज्यांचं नशीब या ‘एलएसटी’ नावाच्या भानगडीला बांधलं गेलंय, अशा अर्थाची चर्चिलची चरफड प्रसिद्ध आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरची चढाई मे १९४४ वरून जूनवर गेली ती बरीचशी उतरवण्याच्या जहाजांची भरती व्हावी म्हणून. दक्षिण फ्रान्सवरची चढाई तिच्याबरोबरच व्हायची होती, ती ऑगस्टपर्यंत लांबली तीही याच टंचाईमुळे.

आणि या टंचाईचा एक धागा थेट आपल्या अंदमानपर्यंत येतो. जपानने मार्च १९४२ मध्ये अंदमान घेतलं होतं. ते परत जिंकण्यासाठी ‘बक्कनीअर’ नावाची मोहीम आखली गेली. आग्नेय आशियाचा सरसेनापती माउंटबॅटन तयारीत होता आणि अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याने चीनच्या चँग कै-शेकला तसा शब्दही दिला होता. पण १९४३ च्या डिसेंबरात कैरोतल्या बैठकीत हिशेब मांडल्यावर दिसलं, की युरोपला जहाजं पुरवायची तर अंदमानला ती उरत नाहीत. मोहीम रद्द झाली, हिंदी महासागरातली उतरवणारी जहाजं पश्चिमेकडे वळली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. अंदमान मात्र युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्याच ताब्यात राहिलं, आणि तिथल्या लोकांनी त्या काळात जे भोगलं ते भयंकर होतं. इंडियानातल्या मक्याच्या शेतात आणखी काही जहाजं वेळेवर जोडली गेली असती तर?

जहाज कितीही हुशार असो, शेवटचा शब्द किनाऱ्याचाच. पुळण वरून सपाट दिसते, पण पाण्याखाली तिच्यापुढे वाळूचा एखादा दांडा लपलेला असतो आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये पुन्हा खोल चर. जहाज दांड्यालाच किनारा समजून थांबतं, आणि उतरणारा माणूस चरात गडप. १९४३ च्या जुलैत सिसिलीला याच दांड्यांमुळे जहाजांपासून किनाऱ्यापर्यंत पोलादी तराफ्यांचे पूल टाकावे लागले. नोव्हेंबरात पॅसिफिकमधल्या तरावाला तर भरतीनेच दगा दिला. भांगाची भरती होती, प्रवाळाच्या कड्यावर होड्या तरंगण्याइतकंही पाणी चढलं नाही. सैनिकांना शेकडो मीटर कमरेएवढ्या पाण्यातून, समोरच्या मशीनगनांकडे चालत जावं लागलं. तीन दिवसांच्या त्या लढाईत हजारावर अमेरिकन मेले. आपल्या नौदलालाही १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला हा धडा मिळाला. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या नौका गोरखा जवान उतरवायला गेल्या, किनाऱ्याआधीच दांडा आणि चर लागला, आणि काही जवान लढाईविनाच बुडाले.

म्हणून नॉर्मंडीच्या आधी वाळूची चौकशी सुरू झाली ती जवळजवळ वेडेपणाने. ब्रिटिश सरकारने लोकांना आवाहन केलं : युरोपच्या किनाऱ्यावर सुटीत काढलेले फोटो, पोस्टकार्डं असतील ती पाठवा. लाखोंनी आली. त्यांतून पुळणीचा उतार, भिंती, रस्ते मोजले गेले. तरी शंका उरली, की वाळूच्या खाली दलदल तर नाही? रणगाडे रुतले तर सगळंच संपलं. ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री मेजर लोगन स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्याला गेले. पहारेकरी नववर्षाच्या जल्लोषात होते. हे दोघे पोटावर सरपटत, गिरमिटाने वाळू टोकरून तिचे नमुने नळ्यांत भरत राहिले आणि ओझं सांभाळत पुन्हा लाटांत शिरले. पाच महिन्यांनी जिथे फौजा उतरणार होत्या तिथली मूठमूठ वाळू लंडनला पोचली.

नॉर्मंडीला कप्तानांना आणखी एक गोष्ट उमगली. तिथे भरती-ओहोटीत प्रचंड फरक असतो. भरतीला किनारा धरायचा आणि ओहोटी लागली तरी निघायचंच नाही. पाणी मागे हटतं, जहाज कोरड्या वाळूवर बसतं, गाड्या टायरही न भिजता उतरतात. पुढची भरती आली की जहाज तरंगून निघतं. असं करायची आधी अनेकांना धास्ती होती, जहाजाचा कणा मोडेल म्हणून. मोडला नाही.

माणसं उतरवण्याचा रिवाज जरा वेगळा. हजार-दीड हजार सैनिक वाहणारी मोठी वाहतूक जहाजं किनाऱ्यापासून काही मैलांवर उभी राहायची. त्यांच्या कडेला दोरखंडाची जाळी सोडलेली, खाली उसळणारी छोटी होडी. पाठीवर ओझं घेऊन जाळीवरून उतरायचं. शिकवण एकच : हात उभ्या दोरावर ठेवा, आडव्यावर नको, वरचा माणूस बोटांवर बूट ठेवेल. त्या होड्या न्यू ऑर्लिअन्सच्या अँड्र्यू हिगिन्सने बनवल्या, मूळ लुइझियानाच्या दलदलीत फिरण्यासाठी. पुढे पडणारं दार मात्र त्याची कल्पना नव्हे. १९३७ मध्ये शांघायला व्हिक्टर क्रूलक या तरुण अमेरिकन अधिकाऱ्याने जपानी होड्यांचे फोटो काढले, त्यांतून ते आलं. पोटात होड्या भरून त्या मागच्या दारातून सोडणारं ‘शिन्शू मारू’ हे जहाजही जपानने १९३० च्या दशकातच बांधलं होतं. म्हणजे ज्या विद्येने जपानला बेटाबेटावरून मागे रेटलं, तिचे पहिले धडे जपानकडूनच घेतलेले.

‘सोपं निशाण’ म्हणून हिणवलेल्या एलएसटींपैकी शत्रूच्या हाती बुडाल्या फक्त २६. पण त्यांतला एक प्रसंग विसरण्याजोगा नाही. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडच्या लाइम उपसागरात नॉर्मंडीची रंगीत तालीम चालली होती. जर्मन टॉर्पेडो-होड्या अचानक त्यात घुसल्या आणि दोन एलएसटी बुडवल्या. किमान ७४९ अमेरिकन मेले. कित्येकांनी फुगवायचा पट्टा काखेखाली न बांधता, पाठीवरच्या सामानामुळे कमरेला बांधला होता. तो फुगल्यावर ते उलटे झाले आणि डोकं पाण्याखाली राहून मेले. ज्या उटाह पुळणीसाठी ही तालीम होती, तिथे प्रत्यक्ष चढाईच्या दिवशी याहून कितीतरी कमी माणसं दगावली.

परतीच्या फेरीत हीच जहाजं इस्पितळं व्हायची. रणगाड्यांच्या जागी भिंतींना टांगलेली स्ट्रेचरं, आणि नॉर्मंडीहून इंग्लंडला आणलेले ४१ हजारांवर जखमी. मला युद्धाच्या सगळ्या आकड्यांत हा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

युद्ध संपल्यावर फ्रँक बस्टर्ड नावाच्या इंग्रजाला वाटलं, रणगाडा चालत आत जातो आणि चालत बाहेर येतो, तर मालाचा ट्रक का नाही? त्याने नौदलाकडून तीन एलएसटी भाड्याने घेतल्या आणि सप्टेंबर १९४६ मध्ये टिलबरीहून रॉटरडॅमची पहिली फेरी सोडली. आजच्या रो-रो धंद्याची ही सुरुवात. एक एलएसटी तर, क्रमांक ५१०, नॉर्मंडी पाहून आलेली, ‘केप हेनलोपेन’ या नावाने लाँग आयलंड आणि कनेटिकट यांच्यामध्ये दशकानुदशकं मोटारींची ने-आण करत राहिली.

आपल्याकडे ब्रिटिशांची एक एलएसटी १९४९ मध्ये ‘आयएनएस मगर’ म्हणून आली. तिच्यानंतरची, आपणच बांधलेली दुसरी ‘मगर’ १९८७ ते २०२३ अशी सेवेत होती. २०२० च्या टाळेबंदीत मालदीवला अडकलेल्या भारतीयांना कोचीला आणायला ती गेली होती.

आणि क्रमांक ३२५ : सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडीची ओमाहा पुळण बघून पुढे ग्रीसच्या नौदलात गेलेली. ती भंगारात जाणार म्हटल्यावर अमेरिकेतले म्हातारे खलाशी क्रीटला गेले. सरासरी वय ७२. गंजलेली इंजिनं त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ ला जहाज अलाबामात मोबाइल बंदराला आणलं. सध्या ती इव्हान्सविलला आहे, तिकीट काढून आत जाता येतं.

एवढ्या लांब जाणं जमेलच असं नाही. पण दाभोळहून धोपाव्याला जंगलजेट्टीने वाशिष्ठीची खाडी ओलांडाल, किंवा गोव्यात चोडणच्या फेरीत चढाल, तेव्हा गाडीत बसून मोबाइल बघत राहू नका. खाली उतरून नाळेपाशी उभे राहा. सपाट बूड, किनाऱ्याला टेकवलेलं नाक, साखळ्यांवरून पडणारी ती लोखंडी फळी : त्या कुळाची ही खाडीतली धाकटी पाती आहे.